गोव्यात छोटा धंदा: जुलैच्या पगाराची सोय डिसेंबरात करा

गोव्यात नवा धंदा काढायला निघालेल्या माणसाला मी सगळ्यात आधी एकच विचारतो: जुलैचा पगार कुठल्या पैशातून देणार? डिसेंबरचा हिशेब बहुतेकांच्या तोंडावर असतो. खोल्या किती भरतील, थाळ्या किती जातील, गाड्या किती भाड्याने लागतील, हे सगळं पाठ असतं. जुलैबद्दल विचारलं की गप्प होतात. खानावळ असो, बेकरी असो, होमस्टे असो की काजूचं दुकान, इथले धंदे बंद पडतात ते बहुतेक पावसाळ्यात. त्यांचं कारण मात्र भर सीझनमध्येच तयार झालेलं असतं. गल्ला भरलेला असताना तो सगळा नफा आहे असं मालकाला वाटतं आणि तो खर्च होऊन जातो.

म्हणून हे मार्गदर्शन पैशांपासून सुरू करतो आणि माणसांकडे नंतर येतो. मालकाला आपले आकडे माहीत असले, तरच तो कामगाराशी, पुरवठादाराशी आणि बँकेशी खरं बोलू शकतो.

पहिलं पाऊल: आपल्या धंद्याचं वर्ष कागदावर मांडा

कोरी वही घ्या, बारा महिने लिहा आणि प्रत्येक महिन्यापुढे दोन रकाने करा: पैसा किती येणार, किती जाणार. गोव्याचे बारा महिने सारखे नसतात. किनारपट्टीवर ऑक्टोबरपासून हालचाल सुरू होते, नाताळ ते नवीन वर्ष हा कळस, आणि जून उजाडायच्या आत शॅक, म्हणजे किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या खानावळी, उतरवाव्या लागतात. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. मासळीच्या थाळीवर चालणाऱ्या खानावळीला त्यामुळे दुहेरी फटका बसतो: गिऱ्हाईक कमी आणि मासळी महाग.

पण हे वेळापत्रक सगळ्यांचं नाही. फोंडा, डिचोली, साखळी भागात पूजेचं साहित्य, कपडे किंवा गोडधोड विकणाऱ्याचा मोठा हंगाम म्हणजे चवथ (गणेश चतुर्थी). खाजं ही जत्रेतली मिठाई विकणाऱ्या खाजेकाराचं वर्ष जत्रांवर चालतं. म्हापशाचा बोडगेश्वर, शिरगावची लईराई आणि गावोगावच्या लहानमोठ्या जत्रा. काजूवाल्याचं गणित आणखी वेगळं. बी बाजारात येते मार्च ते मेच्या सुमारास, तेव्हा ती रोखीने उचलावी लागते, आणि विकली जाते पुढे वर्षभर. त्याच्याकडे नफा असतो, पण तो गोणीत अडकलेला असतो. ‘धंदा चांगला चालतो, पण हातात पैसा नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा अशा अडकलेल्या पैशाची असते. तुमचा पैसा कधी अडकतो आणि कधी सुटतो, हे या वहीत दिसलं पाहिजे. दुसऱ्याच्या धंद्याचं वेळापत्रक उतरवू नका.

दुसरं पाऊल: रोज किती विकलं की घर चालतं?

हा आकडा ज्याला माहीत नाही, त्याने अजून धंदा सुरू केलेला नाही असंच मी मानतो. उदाहरणच घेऊ. समजा पेडण्याच्या किनारी पट्ट्यात तुमची छोटी खानावळ आहे. दरमहा भाडं 35,000, तीन कामगारांचे पगार प्रत्येकी 18,000 प्रमाणे 54,000, वीज-पाणी 12,000, कर्जाचा हप्ता 14,000, तुमचा स्वतःचा पगार 25,000 आणि किरकोळ 10,000. बेरीज दीड लाख. गिऱ्हाईक आलं नाही तरी हा खर्च होतोच.

आता 100 रुपयांच्या विक्रीमागे सामान, गॅस, पार्सलचे डबे मिळून 40 रुपये जात असतील, तर हातात 60 उरतात. दीड लाखाला 0.60 ने भागा: महिन्याला अडीच लाखांची विक्री झाली तर ना नफा ना तोटा. महिन्यात 25 दिवस धंदा धरला तर रोज 10,000. हा आकडा गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. संध्याकाळी विक्री 8,500 असेल तर आज खिशातून गेले, 13,000 असेल तर आज कमावले. अंदाजाने बोलायची गरज राहत नाही.

यात तुमचा पगार मुद्दाम धरला आहे. तो धरायलाच हवा. मालक पगार घेत नाही म्हणून जो धंदा फायद्यात दिसतो, तो फायद्यात नसतो. मालक फुकट राबत असतो.

सवलत देतानाही हेच गणित आठवा. 100 रुपयांच्या वस्तूत तुम्हाला 20 सुटत असतील आणि तुम्ही 10 टक्के सूट दिली, तर गिऱ्हाइकाला दहा रुपयांचा फायदा झाला आणि तुमचा नफा निम्मा झाला. पूर्वीइतके पैसे मिळवायला दुप्पट माल विकावा लागेल. ऑनलाइन जेवण पोचवणाऱ्या किंवा खोल्या बुक करणाऱ्या ॲपचं कमिशनही याच रकान्यात टाका आणि मगच त्यांच्यावरचा दर ठरवा.

तिसरं पाऊल: धंद्याचं पुरुमेंत

आपल्याकडे पावसाळा तोंडावर आला की घरोघरी पुरुमेंत भरतात: सुकी मासळी, मिरच्या, आमसुलं, चिंच, कांद्यांच्या माळा, उकडे तांदूळ. पाऊस सुरू झाल्यावर बाजारात धावायचं नाही, ही त्यामागची समज. धंद्यातल्या पैशाचं असंच करायचं, फक्त भरणी मे महिन्यात करून भागत नाही. ती नोव्हेंबरपासून करावी लागते.

वरचीच खानावळ पुढे नेऊ. जून ते सप्टेंबर विक्री महिन्याला सरासरी 1,20,000 वर आली असं धरा. त्यातून उरतात 72,000. खर्च दीड लाख. म्हणजे दरमहा 78,000 कमी पडतात, चार महिन्यांत 3,12,000. ऑक्टोबर आणि मे जेमतेम बरोबरीत सुटले, तर ही रक्कम नोव्हेंबर ते एप्रिल या सहा महिन्यांत बाजूला पडली पाहिजे: महिन्याला 52,000, धंद्याच्या दिवसाला साधारण 2,000. म्हणजे सीझनमध्ये 10,000 च्या वर जी विक्री होते, तिच्या नफ्यातले पहिले दोन हजार तुमचे नाहीत, जुलैचे आहेत.

हे दोन हजार वेगळे ठेवायला पिग्मीइतकी, म्हणजे रोज थोडी रक्कम जमा करायच्या खात्याइतकी, सोपी सोय नाही. सहकारी बँका आणि पतसंस्थांचे पिग्मी एजंट आजही म्हापसा, फोंडा, मडगावच्या बाजारात रोज दुकानावर येतात. सिंडिकेट बँकेने 1928 मध्ये ही पद्धत सुरू केली ती रोज थोडं कमावणाऱ्यांसाठीच. व्याज फारसं मिळत नाही, पण इथे व्याजासाठी पैसे ठेवत नाही आहोत. हाताशी राहिले की खर्च होतात म्हणून ठेवतो आहोत. एजंटने दिलेली रोजची नोंद मात्र तपासत जा, आणि सगळी रक्कम एकाच पतसंस्थेत अडकवू नका.

पहिल्या वर्षी या पैशाला हात लावून दुसरी शाखा काढू नका, नवी गाडी घेऊ नका. डिसेंबरातली गर्दी पाहून फेब्रुवारीत दुसऱ्या जागेची अनामत भरायचा मोह होतो. एक पूर्ण पावसाळा काढून दाखवल्याशिवाय विस्तार नको, यावर माझं मत ठाम आहे.

रोजची नोंद

इथे फार सांगायचं नाही. चालू खातं वेगळं उघडा. घरची भाजी, मुलांची फी, देवळाची वर्गणी त्या खात्यातून जाऊ देऊ नका. रात्री गल्ला बंद करताना रोख, क्यूआरवर आलेले आणि उधारी असे तीन आकडे लिहा. रोख दोघांनी मोजावी आणि दोघांनी सही करावी. चोर पकडायला नव्हे. पैसे कमी भरले तर कोणावर संशय जाऊ नये म्हणून. रोजकीर्द कागदी वहीत ठेवली तरी चालेल, मोबाइलवर ठेवली तरी चालेल. पण ती रोज लिहिली पाहिजे. आठवड्याने आठवून लिहिलेली नोंद म्हणजे नुसता अंदाज.

माणसं

आता खऱ्या अवघड भागाकडे. छोट्या धंद्यात नेतृत्व म्हणजे भाषण करणं नाही. तीन गोष्टी आधी ठरवायच्या, सांगायच्या आणि पाळायच्या: पगार कधी, सुट्टी कधी, आणि तुमच्या मागे निर्णय कोणाचा.

पगाराची तारीख ठरली की ती बदलायची नाही, भले तुमचा स्वतःचा पगार मागे राहो. गोव्यात हॉटेल-खानावळीत काम करणारी कितीतरी मुलं बाहेरच्या राज्यांतली आहेत. त्यांच्या घरी तुमच्या तारखेवर गॅस भरला जातो, म्हाताऱ्यांची औषधं येतात. उचल द्यावी लागते, द्यावीही. पण तिची वेगळी वही ठेवा, कामगाराची सही घ्या आणि दरमहा किती कापणार हे उचल देतानाच बोला. पगाराच्या दिवशी अचानक कापलेली उचल भांडण लावते.

सुट्टीचं कॅलेंडर ऑगस्टच्या आधी भिंतीवर लावा. चवथीला हिंदू कामगार घरी जाणारच. कोणाच्या घरी दीड दिवस, कोणाकडे पाच, कोणाकडे अकरा. हे आधी विचारून घ्या. त्या दिवसांत ख्रिस्ती सहकारी दुकान सांभाळतात. नाताळला मात्र उलटं करणं मालकाला जड जातं, कारण तेव्हाच धंदा जोरात असतो. तरीही 24 च्या रात्रीची मिस्सा आणि 25 चं घरचं जेवण त्यांना मिळालंच पाहिजे. त्या दोन दिवसांत चवथीला सुट्टी घेतलेल्यांनी जादा पाळी करायची, असं कॅलेंडर लावतानाच दोघांसमोर ठरवलं की डिसेंबरात कोणी तोंड फुगवत नाही. ज्या मालकाने हा समतोल पाळला, त्याच्याकडे माणसं टिकलेली मी पाहिली आहेत, दुसरीकडे दोन हजार जास्त मिळत असतानाही.

पावसाळ्यात माणसं ठेवायची की सोडायची? हा निर्णय मनाचा आहे आणि हिशेबाचाही. वरच्या खानावळीत तिघांपैकी दोघांना चार महिने बिनपगारी घरी पाठवलं, तर दरमहा 36,000 वाचतात आणि तूट 3,12,000 वरून 1,68,000 वर येते. पण ऑक्टोबरात तोच आचारी परत येईल याची खात्री नसते, आणि नवा आचारी हाताला येईपर्यंत सीझनचा पहिला महिना जातो. मधला मार्ग असा: दोघांना अर्धा पगार देऊन गावी जाऊ द्या, परतायची तारीख लेखी ठरवा. तूट 2,40,000. म्हणजे चार महिने अर्ध्या पगाराचे 72,000 खर्चून तुम्ही कसलेली दोन माणसं राखली. माझ्या मते आचाऱ्यासाठी हे पैसे घालावेत. वाढप्याबाबत माणूस पाहून ठरवा. काहीही ठरवा, पण ते एप्रिलमध्ये सांगा. 31 मेच्या संध्याकाळी ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणणाऱ्या मालकाकडे चांगला माणूस पुन्हा पाऊल ठेवत नाही.

तिसरी गोष्ट अधिकाराची. तुमच्या मागे एकाला जबाबदार नेमा आणि त्याला रक्कम ठरवून द्या: दोन हजारांपर्यंतची खरेदी किंवा दुरुस्ती न विचारता कर, त्यावर फोन कर. त्याने घेतलेला निर्णय चुकला तर चार लोकांत झापू नका, दुकान बंद झाल्यावर बोला. आठवड्यातला एक दिवस गल्ल्यापासून दूर राहा. त्या दिवशी काय अडलं त्याची यादी करा. कोणाला काय शिकवायचं राहिलं आहे, ते तिच्यात दिसेल.

कायद्याचंही पाहा. सरकारने ठरवलेल्या किमान वेतनाखाली पगार चालत नाही. कामगार 10 झाले की कर्मचारी राज्य विमा योजना (ईएसआय) लागू होते (महिना 21,000 पर्यंत पगार असलेल्यांना, मालकाचे 3.25 टक्के, कामगाराचे 0.75), आणि 20 झाले की भविष्य निर्वाह निधी. नववा किंवा एकोणिसावा माणूस घेतानाच पुढचा खर्च मांडून ठेवा.

घरातली माणसं धंद्यात असतील तर त्यांनाही काम आणि पगार ठरवून द्या. बायको गल्ल्यावर बसते, भाऊ सामान आणतो, आणि कोणाचं किती हे कधीच बोललं जात नाही, अशा घरांत वाद धंद्यातून सुरू होऊन वाटणीपर्यंत जातात. भागीदारी असेल तर करार लेखी करून नोंदवा.

उधारी आणि कर्ज

गावात उधारीशिवाय दुकान चालत नाही, हे मान्य. मग मर्यादा घाला: एका घराला किती रुपये आणि किती दिवस. मोठ्या हॉटेलांना पाव, भाजी, लोणची, कपडे धुण्याची सेवा देणाऱ्यांची उधारी मात्र वेगळी. तिथे रक्कम मोठी असते आणि मागायला भीड पडते. यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. ती सरकारी पोर्टलवर पूर्णपणे मोफत होते. पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहा. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागतं. हे संरक्षण उत्पादन करणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला नाही. ऑर्डर लेखी घ्या, बिलावर उद्यम क्रमांक छापा. भांडण न करता तारीख पाळली जाण्याची शक्यता तेवढ्यानेच वाढते.

कर्ज काढताना व्याजाची भाषा समजून घ्या. ‘शेकडा पाच’ ऐकायला हलकं वाटतं, पण ते महिन्याचं असतं. वर्षाचे 60 टक्के झाले. ‘फ्लॅट 12 टक्के’ हेही तसंच. एक लाख तीन वर्षांसाठी घेतले तर 36,000 व्याज आणि 3,778 चा हप्ता; मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज पूर्ण लाखावर लागतं, म्हणून खरा दर 21 टक्क्यांच्या आसपास पडतो. सही करण्याआधी ‘घटत्या शिलकीवर दर किती?’ एवढंच विचारा.

मुद्रा योजनेत शिशु कर्ज 50,000 पर्यंत, किशोर 5 लाखांपर्यंत, तरुण 10 लाखांपर्यंत मिळतं. तरुण कर्ज नीट फेडलेल्यांना 20 लाखांपर्यंतचा पुढचा टप्पा आहे. गोव्यात पणजीच्या ईडीसी या सरकारी वित्तसंस्थेकडे मुख्यमंत्री रोजगार योजना चालते, तिथेही चौकशी करा. फ्रिज, भट्टी, यंत्र यांसाठी मुदतीचं कर्ज घ्यावं; पगार आणि भाडं भागवायला मुदतीचं कर्ज घेऊ नये. बँकेशी बोलताना हप्ता सीझनमध्ये जास्त आणि पावसाळ्यात कमी ठेवता येईल का, हे विचारायला लाजू नका. पहिल्या पावलातली बारा महिन्यांची वही तिथे पुढे ठेवा.

घर किंवा जमीन तारण ठेवणार असाल, तर गोव्याचा एक नियम लक्षात घ्या. इथे 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर आधारलेला कौटुंबिक कायदा चालतो. विवाहपूर्व करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते, आणि जोडीदाराच्या संमतीशिवाय स्थावर मालमत्तेचा व्यवहार होत नाही. बँक दोघांच्या सह्या मागते ती यासाठी. कर्जाचा विषय बँकेत जाण्याआधी घरात बोललेला बरा.

कर आणि कागद

पंचायत किंवा नगरपालिकेचा व्यापार परवाना, दुकाने व आस्थापने कायद्याखालची नोंदणी, खाण्याचा पदार्थ असेल तर एफएसएसएआय (अन्न सुरक्षेची नोंदणी किंवा परवाना), दारू असेल तर अबकारी परवाना, खोल्या भाड्याने देत असाल तर पर्यटन खात्याची नोंदणी. सगळ्यांच्या नूतनीकरणाच्या तारखा एकाच पानावर लिहून ठेवा.

जीएसटीत गोव्यात नोंदणीसाठी मालाच्या विक्रीला वर्षाला 40 लाखांची मर्यादा आहे आणि सेवांना 20 लाखांची. खानावळ सेवेत मोडते, त्यामुळे आपली उदाहरणातली खानावळ नोंदणीत येते. कंपोझिशन योजनेत, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायच्या सोयीत, दीड कोटीपर्यंतच्या छोट्या व्यापाऱ्याला 1 टक्का आणि खानावळीला 5 टक्के भरावे लागतात, पण हा कर गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही. तो तुमच्या नफ्यातून जातो. दारू देणाऱ्या बार अँड रेस्टॉरंटला ही योजना घेता येत नाही. नेहमीच्या पद्धतीत गिऱ्हाइकाने दिलेला कर गल्ल्यात दिसतो, तो दर आठवड्याला वेगळ्या खात्यात वळवा. विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावंच लागतं. पावसाळ्यात दुकान बंद ठेवणारे नेमके इथे दंडात सापडतात.

आयकरात छोट्या धंद्याला अंदाजित नफ्याची सोय आहे: उलाढाल 2 कोटींपर्यंत असेल (रोख जमा 5 टक्क्यांच्या आत असेल तर 3 कोटींपर्यंत), तर रोखीच्या विक्रीवर 8 टक्के आणि बँकेतून आलेल्यावर 6 टक्के नफा धरता येतो. हिशेब सोपा होतो, पण बँक कर्ज देताना याच विवरणपत्रातलं उत्पन्न पाहते. प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर तो दाखवणंच योग्य, आणि पुढच्या कर्जासाठी फायद्याचंही.

सामाईक मालमत्तेचा कायदा ज्यांना लागू आहे, त्यांच्या धंद्याचा नफा आयकरासाठी पती-पत्नीत निम्मा-निम्मा विभागला जातो. पगाराचं उत्पन्न यात येत नाही. त्यामुळे दोघांचेही पॅन आणि दोघांचीही विवरणपत्रं लागतात. बाहेरून येऊन इथे स्थायिक झालेल्यांना हे लागू आहे की नाही, ते सीएला लग्नाची कागदपत्रं दाखवून विचारा. अंदाजित पद्धतीत आगाऊ कर 15 मार्चपर्यंत एकरकमी भरायचा असतो, तेव्हा सीएची पहिली भेट ऑक्टोबरातच उरकून घ्या. डिसेंबरात तुम्हाला वेळ नसतो आणि मार्चमध्ये त्यांना.